भावाच्या हाडातला मगज

जोतिबा काळेलच्या हाडातून काढलेला थेंब काचेवर पसरून, रंगवून कस्तुरीनं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, तेव्हा तिला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. काचेवर काही नव्हतंच. जिथं रक्ताच्या कोवळ्या पेशींची जत्रेसारखी दाटी असायची, तिथं नुसती चरबीची पोकळ भोकं आणि मधूनच एखादी चुकार पेशी. तिनं दुसरी काच घेतली, तिसरी घेतली. सगळीकडं तेच. सत्तावीस वर्षांच्या धडधाकट गड्याचं हाड आतून ओसाड पडलं होतं.

जोतिबा मूळचा माण तालुक्यातला. तिकडं पावसाच्या भरवशाची शेती, म्हणून तासगावच्या एका द्राक्षबागेत तो सालानं कामाला होता. शहात्तर सालच्या ऑक्टोबर छाटणीत कात्रीनं बोट कापलं आणि ते रक्त थांबेचना. बागमालकानं हळद दाबून पाहिली, फडकं करकचून बांधलं, शेवटी जीपमध्ये घालून सांगलीला आणला. अंगावर निळेजांभळे डाग होते, हिरड्यांतून रक्त झिरपत होतं आणि चेहरा इतका पांढराफटक की वॉर्डातली आया बघून मागं सरली.

"ब्लड कॅन्सर?" डॉ. मानसिंग जाधवनं विचारलं. तो हॉस्पिटलचा सर्जन. मिरजेला डॉक्टरकी शिकताना तो आणि कस्तुरी एका वर्गात होते.

"नाही. तसं असतं तर काचेवर नको त्या पेशींचं तण माजलेलं दिसलं असतं. इथं काही उगवतच नाहीये."

"कशानं झालं?"

"माहीत नाही. एखादं औषध, एखादा ताप, बागेतली फवारणी. नाहीतर यातलं काहीच नाही."

"आणि करायचं काय?"

"बाहेरचं रक्त देत राहायचं. तो तग धरेल तोवर."

हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मानसिंग तिच्याकडं बघतच राहिला. इंग्लंडहून परत आल्यापासून कस्तुरी एवढंच करत होती. रोगाला नाव द्यायचं, रक्त चढवायचं आणि घरी जायचं. त्यापलीकडं तिला कुणी काही विचारत नव्हतं, आणि कुणी विचारू नये म्हणूनच ती सांगलीत येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी जोतिबाची आई आली. साळूबाई नाव. दहिवडीहून एस्टीनं आली होती, काखेत भाकरीचं गठुडं. लेकाच्या पायथ्याशी बसून तिनं त्याच्या पोटरीवरचे डाग लुगड्याच्या पदरानं पुसायला सुरुवात केली.

"आवं, पुसून नाही जायचे ते," कस्तुरी म्हणाली. "घरात अजून कोण आहे?"

"याचा जोडीदार हाय की. नाथाजी. पलटणीत असतूया, तिकडं आसामात."

"जोडीदार म्हणजे?"

"जुळं हायत न्हवं का दोगं! पाठोपाठ झाल्यात."

ऐकून दुसऱ्या कुणा डॉक्टरला आनंद झाला असता. कस्तुरी मात्र वॉर्डाबाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसली.

लंडनमध्ये तिनं नऊ वर्षं हेच काम केलं होतं. आधी उंदरांवर, नंतर कुत्र्यांवर आणि शेवटी माणसांवर. रक्ताच्या कर्करोगानं सडलेला हाडातला मगज किरणांनी जाळून टाकायचा आणि भावाबहिणीचा निरोगी मगज शिरेतून सोडायचा. तो वाहत वाहत बरोबर हाडांत जाऊन रुजतो, ही गोष्टच तिला पहिल्यांदा ऐकली तेव्हा चमत्कारासारखी वाटली होती. वॉर्डात पहिली आली ती सात वर्षांची मुलगी. बहिणीचा मगज तिला चढवला तो कस्तुरीनं, स्वतःच्या हातानं. मगज रुजला. रक्त वाढायला लागलं. नर्सनी केक आणला. आणि त्याच आठवड्यात पोरीच्या तळहातांवर लाल पुरळ उठलं. बहिणीच्या मगजानं या नव्या घराला परकं मानलं होतं आणि तो ते आतून पोखरायला लागला होता. पोरीची कातडी सोलून निघायला लागली. मरायला तिला बरेच दिवस लागले. शेवटपर्यंत ती कस्तुरीला विचारत होती, "डॉक्टर, हे थांबणार कधी?"

तिच्यानंतर आणखी तिघं तशीच गेली. कुणी काही चुकलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले, अजून आपल्याला कळत नाही एवढंच. पण त्यानंतर मगजाच्या बाटलीला हात लावायचं कस्तुरीला होईना. आप्पांच्या दम्याचं निमित्त सांगून ती परत आली. तिचे वडील पायगोंडा मगदूम हळदीचे व्यापारी. दमा त्यांना खरोखरच होता, पण ते रोज दुकानात जात होते. आपण पळून आलो आहोत, हे तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

आता जुळा भाऊ. जुळी एकाच बीजातली असतील, तर त्यांची शरीरं एकमेकांना परकं मानत नाहीत. किरणांनी काही जाळावंही लागत नाही. भावाचा मगज काढायचा आणि सलाईनसारखा सोडायचा. परदेशात काही ठिकाणी हे जमलं होतं. पण सगळीच जुळी एका बीजाची नसतात. दोन बीजांची असली, तर ती साध्या भावांसारखीच. मग तिला पुढचं सगळं माहीत होतं.

"तार कर," मानसिंग म्हणाला. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. मगजाचं, जुळ्यांचं. त्या मुलीचं तेवढं सोडून.

"आणि ते एका बीजाचे नसले तर?"

"तर नाही करायचं. पण आधी बोलव तर."

नाथाजी आला तो हिरव्या गणवेशात, ट्रंक खांद्यावर घेऊन. दोघांना शेजारी बघून कस्तुरीचा उरलासुरला धीर सुटला. हा रुंद छातीचा, भरघोस मिशांचा, काळा. तो काडीसारखा, पांढुरका. सख्खे तरी आहेत का, असं वाटावं.

"लहानपणी अगदी सारखे दिसायचे?" तिनं साळूबाईला विचारलं.

"नाथा जरा काळाच व्हता पैल्यापासनं. आन् जोतिबा रडका."

"बाळंतपणात वार एकच पडली होती का दोन?"

"मला कुटलं तवा भान, बाई? सुईण बी मरून गेली आता."

दोघांच्या रक्ताचे नमुने मुंबईला पाठवले. तपासले तेवढे सगळे गट जुळत असल्याचं तिकडून कळलं. पण सख्ख्या भावांचे गट योगायोगानंही जुळतात. त्या मुलीचे आणि तिच्या बहिणीचेही जुळलेच होते. उरला एकच खात्रीचा उपाय. जोतिबाच्या कातडीचा नखाएवढा तुकडा नाथाजीच्या हातावर लावायचा. शरीरं वेगळी असली, तर दोन आठवड्यांच्या आतबाहेर तो तुकडा मरून गळून पडतो. एकच असली, तर तो तिथं सुखानं नांदतो. तीन आठवडे थांबलं, की शंका उरत नाही.

"माजी कातडी त्येला लावा की, त्यो आजारी हाय," नाथाजी म्हणाला.

"तुझ्या शरीरात ताकद आहे, म्हणून परीक्षा तुझ्या हातावर. त्याच्याकडं झगडायलासुद्धा काही शिल्लक नाही."

मानसिंगनं तुकडा काढला. एवढ्याशा जखमेतून जोतिबाचं रक्त संध्याकाळपर्यंत वाहत राहिलं. साळूबाई आळीपाळीनं कधी त्याच्याकडं, कधी कस्तुरीकडं बघत होती.

रक्त कमी पडायला लागलं. कॉलेजची पोरं येऊन देऊन गेली, तासगावहून बागेतले गडी आले. एका दुपारी नाथाजी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बाही वर सरकवलेली.

"माजं घ्या. माजा गट त्योच हाय. बाकीच्यांच्या दारात कशाला जायाचं?"

"तुझं चालणार नाही."

"का?"

"तुम्ही दोघं एका बीजाचे नसाल, तर तुझं ताजं रक्तच त्याला बाधेल. परक्याच्या पेशी त्याच्यात टिकत नाहीत, भावाच्या टिकतात आणि आतून पोखरतात."

"मंजी भाऊ समोर मरतूया आन् म्या बगत बसू? कसली डाक्टरकी ही?" त्याचा आवाज व्हरांडाभर घुमला.

"तुकड्याचं कळेपर्यंत थांब," ती म्हणाली आणि पुढची काच घेतली.

रोज सकाळी ती नाथाजीच्या हातावरची पट्टी सोडायची. पहिले काही दिवस तुकडा फिका, गुलाबीसर होता. मग एका सकाळी पट्टीचा शेवटचा पदर सुटला आणि खाली काळं दिसलं. कडा उचललेल्या, वर सुकलेला पापुद्रा, बोट लावलं तर सरकणारा. समोर नाथाजीचा हात नव्हताच. तो सात वर्षांच्या पोरीचा तळहात होता.

"गेला," ती मानसिंगला म्हणाली. "नाही होणार. त्यांना सांग."

"आधी बघू दे मला."

"मी पाहिलंय ना! कातडी कशी जाते ते मी पाहिलंय, मानसिंग. तू नाही पाहिलंस!"

ती असं ओरडेल अशी त्याची कल्पना नव्हती. त्यानं तिला खोलीत नेलं, दार लावलं, पाणी दिलं. आणि तिथं तिनं पहिल्यांदा कुणाला तरी त्या मुलीबद्दल सांगितलं. सगळं. केकसुद्धा.

मानसिंगनं तिच्या हातातला पेला घेतला. मग म्हणाला, "जळालेल्या माणसांना मी कितीतरी वेळा कातडी लावलीय. त्यांचीच, त्यांनाच. तरी वरचा पापुद्रा काळा पडून जातो. चल."

त्यानं चिमट्यानं पापुद्रा अलगद उचलला. खाली ओलसर गुलाबी कातडी होती. सुईचं टोक टेकवलं तसा लाल थेंब वर आला.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"आज आहे."

"हो. आज आहे."

त्याचं बरोबर होतं हे तिला डोक्यानं पटलं. पण भीती गेली नाही. त्यानंतरही पट्टी सोडताना ती आधी डोळे मिटायची.

दोन आठवडे उलटले होते. तुकडा होता तसाच होता. आणखी थोडं थांबलं की ती छातीठोक सांगू शकली असती. पण जोतिबाला थांबता येईना. सकाळी चहा घेता घेता तो म्हणाला, "आई, तांबडं तांबडं काय दिसतंया गं ह्ये?" उजव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं. आज डोळ्यात, उद्या मेंदूत. कस्तुरीनं बॅटरीच्या उजेडात त्याचा डोळा पाहिला आणि तिला कळलं की तीन आठवडे काही आपल्याला मिळत नाहीत.

तिनं नाथाजीला आणि साळूबाईला बाहेर बोलावलं.

"उद्या करायचं म्हणते. नाथाजीला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढायचा."

"मटनाच्या नळीतला मगज असतूया तसला?" नाथाजीनं विचारलं. मग बाई जैनाची आहे हे आठवून ओशाळला.

"तसलाच. पातळ, रक्तासारखा."

"आन् काढल्या जाग्याला काय ऱ्हातं?" साळूबाईनं विचारलं.

"परत भरतं. काही आठवड्यांत."

"न्हाई भरलं तर?"

"भरतं, आवं. नक्की भरतं." एवढं तरी तिला ठामपणे सांगता आलं.

नाथाजी तिच्याकडं रोखून बघत होता. "बाईसाब, तुमी ह्ये आदी केलंय?"

"केलंय."

"ती मानसं हायत अजून?"

व्हरांड्यात कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं. कस्तुरीला खोटं बोलता आलं असतं. "नाहीत," ती म्हणाली. "एकही नाही. पण ती जुळी नव्हती. तुम्ही आहात."

"पक्कं?"

"जवळजवळ."

"जवळजवळ मंजी?"

"म्हणजे मला भीती वाटते."

नाथाजी खाली बघून बुटाचं टोक फरशीवर घासत राहिला. "एकाहत्तरला समोरनं गोळ्या येत हुत्या तवा कायबी वाटलं न्हाई. आन् आता ह्या सुईच्या नावानं माजं बी पाय कापत्यात," तो म्हणाला. "पर त्येनं डोळ्यातनं रगत काढलं आज. करा तुमी."

साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिनं कस्तुरीच्या साडीचा काठ मुठीत धरला. "मला एक तरी ठिवा, बाई," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजीला पालथं झोपवून भूल दिली. मानसिंग आणि कस्तुरी कमरेच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. जाड सुई हाडात शिरताना कुरकुर लागते, ती हाताला कळते. सिरिंज भरायची, मडक्यात ओतल्यासारखी मोठ्या काचपात्रात रिकामी करायची, पुन्हा सुई, पुन्हा नवी जागा. वेळ लागला. नाथाजीची कंबर चाळणीसारखी झाली. बारीक जाळीतून गाळलेला दाट लाल मगज बाटलीत भरला. वर चरबीचे सोनेरी थेंब तरंगत होते.

बाटली जोतिबाच्या खाटेशी टांगली. नळीचा चाप उघडायचा होता. कस्तुरीचा हात चापावर गेला आणि तिथंच थांबला. नर्स वाट बघत होती. मानसिंगनं "मी करू?" असं नजरेनंच विचारलं. तिला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. आणि तिनं चाप उघडला.

मगज चढायला अर्धा दिवसही लागला नाही. वाट बघणं मात्र संपेना. जोतिबाला ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. कस्तुरी सकाळ-संध्याकाळ त्याचे तळहात उलटसुलट करून बघायची, कानामागं, पायांच्या तळव्यांवर पुरळ शोधायची. एकदा गळ्याशी लाल ठिपके दिसले. ते घामोळं निघालं. रोज ती काच बघायची आणि काचेवर रोज तेच ओसाड रान. जेवण तिला जाईना. आप्पा म्हणाले, "कस्तुरी, तूच आजारी पडलीस की काय?" ती म्हणाली, "नाही, आप्पा. काम जास्त आहे."

नाथाजीची रजा संपली. ट्रंक खांद्यावर घेऊन, अजून थोडा लंगडत, तो निरोप घ्यायला आला.

"लागलं का, बाईसाब?"

"अजून सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. भावाच्या उशाशी बसून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मिरजेची गाडी पकडायला गेला. पुरळ कुठं दिसलं नव्हतं, एवढाच काय तो आधार होता.

तो गेल्यावर काही दिवसांनी, सकाळच्याच काचेवर, कस्तुरीला निळसर धाग्यांची जाळी पोटात घेतलेली एक तांबडी पेशी दिसली. अशी पेशी हाडातून नुकतीच बाहेर पडलेली असते. चढवलेल्या रक्तातली असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. शेजारी दुसरी होती. मग तिसरी. तिनं काच बदलली, ताजं रक्त मागवलं, रंग नव्यानं केला. त्याही काचेवर त्या होत्या. आणि जास्त होत्या. तिनं कुणाला सांगितलं नाही. लंडनमध्येही रक्त असंच वाढलं होतं, आणि सगळ्यांनी केक खाल्ला होता.

म्हणून पुढचे दोन आठवडे तिचे सर्वांत वाईट गेले. रक्त वाढत होतं आणि तिची भीती वाढत होती. हिरड्यांतलं झिरपणं थांबलं. डाग पिवळे पडून विरले. डोळ्यासमोरचं तांबडं निवळलं. एका दुपारी ती वॉर्डात गेली, तर जोतिबा मांडी घालून बसला होता आणि कडक भाकरी कराकरा चावत होता.

"त्येला म्हनलं, दुदात कुस्कर," साळूबाई म्हणाली, "तर ऐकंना झालाय." आणि बोलता बोलताच तिला रडू कोसळलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

कस्तुरीनं जोतिबाचे तळहात उलटे करून पाहिले. खडबडीत, घट्टे पडलेले, नीट होते. तिनं ते बराच वेळ सोडले नाहीत.

पौषात तो घरी गेला. पुढं वर्षभर महिन्याच्या महिन्याला तपासायला येत राहिला, आणि दर वेळी काच बघण्याआधी ती त्याचे तळहात बघायची. नंतर तो पुन्हा तासगावला कामाला लागला. फवारणीचं काम मात्र करायचं नाही, असं तिनं त्याला आणि बागमालकालाही बजावलं. नाथाजीच्या हातावर भावाच्या कातडीचा तुकडा राहिला तो राहिलाच. आजूबाजूपेक्षा थोडा उजळ. पलटणीतल्यांना तो सांगायचा, "ह्यो माजा भाऊ हाय."

लोक यायला लागले. कराड, विटा, पार विजापूरकडून. मलकापूरचे एक शाळामास्तर आपल्या मुलीला घेऊन आले. सुरेखा तिचं नाव, नऊ वर्षांची. काचेवर या वेळी ओसाड रान नव्हतं. नको त्या पेशींचं तण होतं, काठोकाठ. तिला मोठा भाऊ होता. जुळा नव्हता.

"त्या माणच्या गड्याला जे केलंत ते हिला करा," मास्तर म्हणाले. "पोरगा तयार आहे. मी विचारलंय त्याला."

कस्तुरीनं त्यांना सगळं सांगितलं. जुळ्यांचं का जमलं आणि हिचं का जमणार नाही. इथं किरणांची सोय नाही. परदेशात आहे, पण तिथंही बरीच माणसं दगावतात. गोळ्या आहेत, त्यांनी काही महिने बरे जातील.

मास्तर टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तिला द्राक्षं चालतील का? तिला आवडतात."

"चालतील. स्वच्छ धुऊन द्या."

ती दोघं गेल्यावर कस्तुरीनं लंडनच्या विभागप्रमुखांना पत्र लिहायला घेतलं. सुरेखा पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगली. तोवर कस्तुरीचं लंडनशी बोलणं पक्कं झालं होतं. तिकडं आता चढवलेल्या मगजानं शरीराला परकं मानू नये म्हणून नवी औषधं शोधत होते, आणि काम करायला माणसं हवी होती. आप्पांना तिनं या वेळी खरं ते सांगितलं, आधी का आली होती आणि आता का जाते आहे. ते खोकत खोकत म्हणाले, "जा. माझा दमा काही पळून जात नाही."

मिरज स्टेशनवर पोचवायला मानसिंग आला होता. गाडीला वेळ होता.

"परत त्याच वॉर्डात?" त्यानं विचारलं.

"त्याच."

"आणि पुन्हा तसं झालं तर?"

"होईल की. बऱ्याच वेळा होईल."

"भीती नाही वाटत आता?"

"वाटते की रं," कस्तुरी म्हणाली. "लय वाटते."

गाडी आली. तिनं बॅग उचलली आणि डब्यात चढली.